पहिला फोटो कुलपाचा

मी कॅमेरा घ्यायचं ठरवलं तेव्हा काकांनी मला आधी तूरडाळ आणायला पाठवलं.

कोलकात्यातली आम्ही सगळीच मराठी माणसं त्यांना काका म्हणत असू. बँकेने माझी तिथे बदली केली तेव्हा इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कोणीतरी मला ढाकुरियातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर घर मिळवून दिलं, आणि माझ्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, काका-काकू राहत होते. काका खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होते. निवृत्त झाल्यावर सगळे जातात तसे पुण्याला परत न जाता ते इथेच राहिले. का राहिलात असं विचारलं की म्हणायचे, "इथला उजेड ओला असतो. पुण्याचा कोरडा. फोटोत टोचतो." काकूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "कपाटं हलवायचा कंटाळा." दोन्ही उत्तरं खरी असावीत.

तर तूरडाळ. बदली झालीच आहे तर सुंदरबन, बिष्णुपूर, दार्जिलिंग सगळं बघून घ्यावं असं मी मनाशी ठरवलं होतं. आणि बघायचं तर फोटो हवेत, फोटो हवेत तर कॅमेरा हवा, असं करत करत मी इंटरनेटवर वाचून वाचून एक लांबलचक झूम लेन्स पक्की केली होती. सुंदरबनातला वाघ अगदी मिश्यांसकट जवळ येईल असं त्यात लिहिलं होतं. मोठ्या हौसेने काकांना दाखवायला वर गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाशी धरला आणि बाकी सगळं सोडून फक्त वजन वाचलं.

"दीड किलो. कॅमेरा धरून अडीच," ते म्हणाले. "उद्या अडीच किलो तूरडाळ आण. पिशवीत भर आणि पंधरा दिवस ती खांद्यावर वागव. बँकेत ने, बाजारात ने, रविवारी ढाकुरियाच्या तळ्याला फेरी मार. एवढं करून लेन्स हवीच वाटली तर मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येतो."

"पण तूरडाळच का?"

"नंतर आमटी करता येते. विटा वागवल्यास तर विटांचं काय करशील?"

गोडियाहाटच्या वाण्याला माझी दया आली. "एतो अरहर? मुसुर निन ना दिदी, भालो मुसुर आछे," असं म्हणत त्याने मला चांगली मसूर घ्यायचा आग्रह केला. मेट्रोच्या तपासणीत पिशवी उघडायला लावली तेव्हा पोलीसबाईंनी डाळीकडे आणि मग माझ्याकडे इतक्या काळजीने पाहिलं की मी मान खाली घालून पुढे सटकले. चार-पाच दिवसांत माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला. आठवडा संपायच्या आत मी आमटी केली, वाटीभर वर नेऊन दिली आणि लेन्सचं नाव काढलं नाही. पुढे मी घेतला तो एक लहानसा कॅमेरा, त्याला एकच बसकी लेन्स, पर्समध्ये मावेल अशी.

"आणि वाघ लांब असला तर?" मी विचारलं होतं.

"तर लांबचा वाघ काढायचा. तो लांबच होता ना?"

काका असे होते. मंडळातलं कोणीही सहलीला निघालं की आदल्या दिवशी आपली कॅमेऱ्याची बॅग घेऊन त्यांच्याकडे जायचं, अशी रीतच पडून गेली होती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते बसलेले असायचे. "उघडा," म्हणायचे, अगदी गोदीतल्या आवाजात. मग एकेक वस्तू बाहेर निघायची आणि तिचे तीन ढीग व्हायचे: लागेल, लागेलसं वाटतं, आणि लोकांना दाखवायला. तिसरा ढीग नेहमीच सगळ्यांत मोठा असायचा. तो काका सहल संपेपर्यंत स्वतःकडे ठेवून घ्यायचे. सॉल्ट लेकच्या आयटी कंपनीतला एक मुलगा ड्रोन घेऊन आला होता. काकांनी तो उलटासुलटा करून बघितला. शेवटी म्हणाले, "गाव बघायला जातोयस की गावाच्या डोक्यावर बसायला?" ड्रोन तिसऱ्या ढिगात गेला. तो मुलगा चहा पिऊन निमूटपणे निघून गेला, आणि परत आल्यावर ड्रोन न्यायला आठवण करावी लागली.

हे तीन ढीग काकांनी स्वतःच्या बॅगेचे मात्र कधी केले नाहीत. दोन कॅमेरे, चार लेन्सा, मोठी तिपाई, पाऊस आला तर प्लॅस्टिक, ऊन आलं तर छत्री. "माझं वेगळं," म्हणायचे. "मला सवय आहे."

काकूंनी त्या लेन्सांना जुन्या गोधडीच्या पिशव्या शिवल्या होत्या. प्रत्येक लेन्सची पिशवी वेगळ्या रंगाची, आणि तिच्यात काकूंच्या कुठल्यातरी जुन्या साडीचा तुकडा. कोलकात्याची हवा अशी की पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि लेन्सच्या काचेलाही येते. त्यामुळे लेन्सा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, आणि डब्यात ओल शोषून घेणारे निळे खडे. ओल पिऊन खडे गुलाबी झाले की ते भाजून पुन्हा निळे करायचे, आणि ते भाजायचे काकूंच्या तव्यावर. "माझ्या तव्याने भाकरीपेक्षा खडे जास्त भाजलेत," काकू म्हणायच्या. काकांचं म्हणणं, काच वापरात राहिली तर तिला बुरशी धरत नाही. म्हणून दर रविवारी सकाळी सगळ्या लेन्सा गॅलरीत मांडायच्या. तान्ह्या बाळाला कोवळं ऊन देतात तसं ते त्यांना ऊन द्यायचे, आणि तेवढा वेळ काकूंनी गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत.

टॅक्सीतली कथा आणखी वेगळी. गार हवेतून एकदम दमट हवेत आलं की लेन्सवर वाफ धरते. हे खरंच आहे, पण त्यासाठी मे महिन्यात कोलकात्याच्या टॅक्सीत खिडक्या उघड्या टाकून बसणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत. ड्रायव्हरने दया येऊन एसी लावलाच तर काका पुढे वाकून तो बंद करायला लावायचे.

"लेन्सला घाम फुटतो," ते म्हणायचे.

"आणि मला?" काकू विचारायच्या.

"तुला पुसता येतो."

त्यांचा सगळ्यात कडक नियम मात्र कुलपाचा. कुठल्याही प्रवासाला निघताना पहिला फोटो घराच्या दाराला लावलेल्या कुलपाचा. एकदा म्हणे ते पुरीच्या किनाऱ्यावर पोचले, सूर्य वर येऊ लागला आणि तेव्हा कळलं की कॅमेऱ्यातलं कार्ड घरी कॉम्प्युटरलाच राहिलंय. दुसऱ्या कुठल्या प्रवासात काकूंना अर्ध्या वाटेत वाटलं की कुलूप लावायचं राहिलं, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत त्या दुसरं काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून हा तोडगा. कुलपाचा फोटो आला म्हणजे कार्ड आहे, बॅटरी आहे, लेन्सचं झाकण काढलंय आणि कुलूपही लागलंय. वाटेत काकूंनी विचारलं की काका कॅमेरा त्यांच्यापुढे धरायचे.

आता काकूंना कुलूप ओढून बघितल्याशिवाय ते लागलं असं वाटत नाही. आपल्याकडे सगळ्याच बायकांना वाटत नाही. काका फोटो घेणार, तेवढ्यात काकूंचा हात कुलपावर. "हात काढ." "एकदा ओढून बघते." "काढ म्हणतो ना." "झालंच." त्यामुळे प्रत्येक फोटोत काकूंचा हात आलाय. काकांनी मला एकदा कॉम्प्युटरवर ते सगळे दाखवले, प्रत्येक प्रवासाचा पहिला फोटो, एकामागून एक. दाराचा रंग बदलत गेला, कुलूप बदललं, हातातल्या बांगड्या भरगच्च होत्या त्या कमी होत गेल्या, बोटांची पेरं सुजत गेली. काका कुलपावरचं बारीक अक्षर किती स्पष्ट आलंय ते दाखवत होते. मी हात बघत होते. कारण त्या एवढ्या फोटोंत काकू होत्या त्या हातापुरत्याच. काका ओळखीच्या माणसांचे फोटो काढायचे नाहीत. "ओळखीचा माणूस आला की तो प्रवास राहत नाही, लग्नाचा अल्बम होतो," असं त्यांचं मत.

मी काकूंना एकदा विचारलं होतं, एवढा भारत फिरलात, काय काय बघितलंत?

"बॅग," काकू म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतायत. "कोणार्कला मी बॅग बघितली," त्या शांतपणे सांगू लागल्या. "बिष्णुपूरलाही बॅगच. ह्यांचा उजेड येईपर्यंत बॅगेपाशी कोणीतरी बसायला नको का? मी दगड बघून बसते, शेंगदाण्याचा लाडू खाते. सगळी देवळं मी लांबून बघितलीत, एकाच बाजूने." काका शेजारीच बसून ब्लोअरने लेन्सवरची धूळ उडवत होते. त्यांना यात काही गैर वाटलं नाही. खरं सांगायचं तर काकूही तक्रार करत नव्हत्या. त्या फक्त सांगत होत्या.

त्यांच्या दिवाणखान्यात कांचनजंगाचा एक मोठा फोटो होता. शिखरावर पहिलं ऊन पडलेलं, सगळं सोनेरी. येणारा प्रत्येक माणूस त्याच्यासमोर उभा राहून वा म्हणायचा. काकूही म्हणायच्या, "हो ना, सुंदर आलाय. मीसुद्धा फोटोतच बघितलं." हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. मग एकदा काकांनीच अभिमानाने तो किस्सा सांगितला. दार्जिलिंगच्या टायगर हिलला ते तीनदा गेले, दोनदा ढगांनी पाठ फिरवायला लावली. तिसऱ्यांदा पहाटे आकाश लख्ख होतं. लोक खच्चून भरलेले. शिखर पेटायला लागलं तशी मागून एकच रेटारेटी झाली, तिपाई डुगडुगली आणि काका ओरडले, "पाय धर, पाय धर!" काकू मटकन खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तिपाईचा पाय घट्ट धरून राहिल्या, लोकांच्या बुटांकडे तोंड करून, शिखराकडे पाठ. काकांचं काम होईपर्यंत त्या तशाच होत्या. उठल्या तेव्हा ढग आले होते.

"तिने पाय धरला नसता तर हा फोटो मिळाला नसता," काका म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. ती तिपाई होती तिथे काकूंना काय दिसलं हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. मला त्यांचा राग आला, आणि राग धरून बसावं असा माणूसही तो नव्हता.

हे सगळं त्या वर्षी दुर्गापुजोनंतर फिरलं. मी त्यांच्याकडे रिकामं भांडं परत द्यायला गेले होते. काकू खुर्चीवर पाय लांब करून शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचे गुडघे फार दिवसांपासून कुरकुरत होते, आता जिना उतरताना त्या कठडा धरून एकेक पायरी घेत.

"डॉक्टर म्हणाले, डिसेंबरात एक गुडघा करून टाकू," त्या म्हणाल्या. "त्याच्याआधी मला कांचनजंगा बघायचंय."

काकांचा चेहरा एकदम फुलला. "नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते. कालिम्पाँगच्या बाजूला एक गाव आहे, घरातूनच डोंगर दिसतो, चढायला नको. मोठी तिपाई..."

"तिपाई नाही."

"बरं, हातात धरून काढतो."

"कॅमेरा नाही."

काका हसले आणि त्यांनी साक्षीला माझ्याकडे पाहिलं. काकू हसत नव्हत्या.

"तुम्हाला कॅमेरा न्यायचा असेल तर जरूर जा. मी घरी राहीन. मला त्या डोंगरासमोर एकदा सरळ उभं राहायचंय. आणि मी बघत असताना शेजारी कोणीतरी तोच डोंगर बघत असायला हवंय. तुम्ही बघत नाही हो. तुम्ही काम करता." त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "पुन्हा जमेल, न जमेल."

शस्त्रक्रियेची त्यांना भीती वाटत होती. त्यांच्या बहिणीचं पाऊल अशाच शस्त्रक्रियेनंतर घराबाहेर फारसं पडलं नव्हतं. पण हे त्या काकांना सांगत नव्हत्या, मला एकदा ओट्यापाशी सांगितलं होतं.

पुढचे काही दिवस काका माझ्याकडे खाली येऊन बसायला लागले. तह करायला मला वर पाठवायचे. एकच कॅमेरा, एकच लेन्स? नाही. तुझा तो पर्समधला? तो कॅमेराच ना, मग नाही. निदान फोन? "फोन फोन करायला," काकूंचा निरोप. काका कपाळावर चष्मा घेऊन माझ्या खुर्चीत बसून राहायचे. "मी तिथे काय करू मग?" असं ते मला खरोखरच विचारायचे. मी म्हटलं, बघा. ते म्हणाले, "ते मला येत नाही."

त्यांनी सराव करायचं ठरवलं. एका रविवारी लोकलने आम्ही दोघं बजबजला गेलो, मी पंच म्हणून. हातात काही नाही, फक्त पाण्याची बाटली. नदीच्या घाटावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पलीकडच्या तीरावरच्या कारखान्यांच्या चिमण्या, तागाच्या गिरणीतून सुटलेली माणसं, पाण्यात अर्धी गेलेली एक होडी. मी नुसती बसले होते आणि मला फार बरं वाटत होतं. काकांचं मात्र भलतंच काहीतरी चाललं होतं. त्यांचे दोन्ही हात छातीपर्यंत वर यायचे, रिकामे, आणि परत खाली जायचे. डावा डोळा आपोआप मिटायचा. एक माणूस डोक्यावर केळ्यांचे घड घेऊन पायऱ्या उतरत आला तेव्हा काका उठून मागे मागे सरकत गेले, त्याला चौकटीत बसवायला, आणि थेट एका मिठाईच्या गाड्यावर आपटले.

"दोन डोळ्यांनी फार दिसतं," परतीच्या गाडीत ते म्हणाले. "कुठलं ठेवायचं आणि कुठलं सोडायचं तेच कळत नाही." उतरताना म्हणाले, "काहीच आणलं नाही आज." त्यांच्या आवाजात एवढी हार होती की माझी खात्रीच झाली, हे जमायचं नाही. शेवटच्या क्षणी काहीतरी लेन्स खिशात जाईल, आणि काकू बोलल्याप्रमाणे घरी राहतील. काकू बोलतात ते करतात.

निघायच्या दिवशी संध्याकाळी मी मदतीला वर गेले. काकूंची एक छोटी बॅग, काकांच्या खांद्यावर त्यांची ती नेहमीची काळी कॅमेऱ्याची बॅग. काकूंनी ती बघितली. दार लावलं, कुलूप घातलं. काकांचे हात सवयीने वर आले आणि तसेच राहिले.

"कुलपाचा फोटो," ते म्हणाले. अगदी लहान मुलाच्या तोंडावर येतं तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर आलं. "फोटो काढल्याशिवाय कसं निघायचं?"

"मी काढते," मी म्हटलं आणि माझा फोन बाहेर काढला. काकूंचा हात नेहमीप्रमाणे कुलपावर गेला, त्यांनी ते ओढून बघितलं, मी फोटो घेतला. काका काकूंच्या मागेच उभे होते, हातांचं काय करावं हे न कळून.

टॅक्सीत बसल्याबरोबर काकू ड्रायव्हरला म्हणाल्या, "दादा, एसीटा चालिये दिन." काकांनी बॅग मांडीवर घेतली होती. ते पुढे वाकले, मग पुन्हा मागे टेकले आणि बंद काचेतून बाहेर बघत राहिले. सियालदहपर्यंत काकूंनी डोळे मिटून गार वारा खाल्ला. मी मात्र त्या बॅगेवरून नजर काढू शकत नव्हते. ती चांगली जड दिसत होती, पट्टा त्यांच्या खांद्यात रुतला होता.

प्लॅटफॉर्मवर गाडी लागायला अवकाश होता. बाकावर बसल्यावर काकू म्हणाल्या, "उघडा."

काकांचाच शब्द, काकांचाच सूर. काका बॅगेवर हात ठेवून बसून राहिले. आजूबाजूला माणसांची ये-जा, हमाल, पेट्या, चहावाले. काकू वाट बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसत होतं की बॅगेत लेन्स निघाली तर त्या इथून परत फिरणार. कोलकाता ते कालिम्पाँग एवढा प्रवास त्या काकांशिवाय करणार नव्हत्या, आणि पुढे कधी करणारही नव्हत्या.

काकांनी चेन ओढली. आत गोधडीच्या चारही पिशव्या, आपापल्या कप्प्यात नीट बसवलेल्या. काकूंनी एक उचलली, नाडी सोडली, आत बघितलं. दुसरी सोडली. मग त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली.

तूरडाळ होती. चारही पिशव्यांत तूरडाळ, दोन मोठ्या, दोन लहान, काकांच्या लेन्सांच्या वजनाबरहुकूम.

"खांदा हलका झाला की माझा तोल जातो," काका प्लॅटफॉर्मकडे बघत म्हणाले. "चालता येत नाही नीट. घरात करून बघितलं मी."

काकू पिशवीत बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. त्या हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि ते नुसतं हसू नव्हतं हे मला कळत होतं. काका घाबरून त्यांच्याकडे बघत होते.

"अहो, निदान मुगाची तरी घ्यायची," काकू शेवटी म्हणाल्या. "डोंगरात तूर शिजते का लवकर?"

त्या दोघांची गाडी हलली तेव्हा मी एकटीच प्लॅटफॉर्मवर उभी होते आणि मला बेदम भूक लागली होती. झालमुडी घेतली आणि खात खात घरी आले.

डोंगरात काय झालं ते मला काकूंनी सांगितलं. काकांनी फक्त "बरं होतं" एवढं सांगितलं. पहिले दोन दिवस ढग. काका सारखे अंगणात येरझाऱ्या घालत होते, खांद्यावर डाळ घेऊन. घरमालकीण रोज थोडी डाळ मागून घेऊन शिजवत होती, त्यामुळे बॅग दिवसेंदिवस हलकी होत गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंना जाग आली तेव्हा खिडकीत डोंगर होता, सगळाच्या सगळा. त्या काठी घेऊन अंगणात आल्या. काका आधीच येऊन उभे होते.

"मी सरळ उभी राहिले," काकू म्हणाल्या. "शेवटपर्यंत. पहिल्यांदा टोक लाल झालं, मग ते खाली खाली उतरत आलं. मला काय वाटलं ते सांगता येत नाही बघ. तेवढ्यात ह्यांच्याकडे लक्ष गेलं तर ह्यांनी एक डोळा मिटलेला. मी म्हटलं, दोन्ही उघडा. उघडले. मग डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीने, असं ह्यांचं म्हणणं."

"थंडीच होती," काका आतून म्हणाले.

डिसेंबरात काकूंचा गुडघा झाला आणि चांगला झाला. पुढे माझी बदली नाशिकला झाली. फोनवर काकू सांगतात, आता तळ्याला पूर्ण फेरी मारते, हेच मागे राहतात. काकांनी कॅमेरा काही सोडला नाही. गोधडीच्या पिशव्यांत पुन्हा लेन्सा गेल्या आणि खडे तव्यावर भाजले जातात. त्यांनी एवढंच केलं की स्वतःच्या बॅगेचे पहिल्यांदा तीन ढीग केले, आणि मोठी तिपाई तिसऱ्या ढिगात ठेवली. ती त्यांनी त्या ड्रोनवाल्या मुलाला देऊन टाकली आणि तो अजून तिचं काय करायचं या विचारात आहे.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, काकू रुग्णालयातून घरी आल्या त्या आठवड्यातलं. त्या दिवाणखान्यात पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या, समोर भिंतीवर तो सोनेरी फोटो. मी फोनमधले जुने फोटो पुसत होते आणि तो कुलपाचा फोटो निघाला. त्या गडबडीत मी तो कोणाला दाखवलाच नव्हता. काकांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"हात छान आलाय," ते म्हणाले. "कुलूप थोडं बाजूला गेलं. पण मागे हा कोण मध्येच उभा राहिलाय, हात लोंबकळत सोडून? काहीही काम नाही त्याचं फोटोत. काढून टाक तेवढा."

"बघू," काकू म्हणाल्या. फोन त्यांच्याकडे गेला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला.

"असू दे त्याला," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच माझ्याबरोबर आला होता."